थांबायचं फंक्शन

जगात जे जे नाही, ते ते आमच्या दाजींकडे सापडतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे देगलूरचे, लातूरच्या एका कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमधून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरच्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमला बरीच कामं तयार फंक्शनांकडून, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या छोट्या तुकड्यांकडून करून घ्यायची सवय असते. एखाद्या मशिनवर त्यातलं एखादं फंक्शनच नसलं, की प्रोग्रॅम रुसून बसतो. दाजी मग त्याच नावाचं, तसंच वागणारं फंक्शन स्वतः लिहून देतात, आणि तेही असं की कुठल्याही मशिनवर चालावं. याला ते 'बदली' म्हणतात.

बदली देण्याआधी मशिनला विचारायचं, ही त्यांची शिस्त. त्यासाठी त्यांनी केलेला छोटा प्रोग्रॅम एकेका फंक्शनचं नाव घेई आणि पुढे रोमन लिपीत 'हाय' नाहीतर 'न्हाई' छापी. पुण्याच्या एका इंजिनिअरने तो वापरून कळवलं, "सर, तुमचा प्रोग्रॅम फार प्रेमळ आहे. भेटेल त्याला हाय म्हणतो!" दाजी आठवडाभर खूश. माणसांचीही तपासणी हीच. हदगावच्या एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला विचारलं, "जिरं हाय का?" तो "न्हाई" म्हणेपर्यंत दाजींच्या पिशवीतून पुडी बाहेर आली होती. मी हसलो तर म्हणाले, "न्हाई म्हनून रडत बसायचं का पावनं? आपन करू की!"

अक्काची नजर अधू होत होत गेली, तेव्हा दाजींनी कॉम्प्युटरवर पेपर वाचणारा एक आवाज बसवला. दुपारी जेवणं झाली की तो संथपणे घरभर पसरायचा. अक्का भिंतीला टेकून ऐकायची, आणि अर्धवट पेंगताना मला वाटायचं, हे पेपरातलं लातूर कुठल्या तरी दूरच्या, निवांत मुलखात असावं. गेल्या वर्षी तो कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर चार फंक्शनं 'न्हाई' निघाली. दाजींनी चारही लिहिली. आवाज सुरू झाला, पण अक्का दोन मिनिटांत उठली. "ह्यो कोन हाय? दमच खाईना!" त्यानंतर तिने ऐकणंच सोडलं. दिवसदिवस गप्प बसायची. तिच्याहून हिरमुसलेला माणूस घरात एकच, दाजी.

चारांतलं एक फंक्शन थांबायचं होतं. पूर्णविरामापाशी किती थांबायचं, ते जुन्या मशिनबरोबरच गेलं होतं. दाजींनी अंदाजाने कितीतरी आकडे घालून पाहिले. अक्काला एकही पटेना. शेवटी ते तिच्याशेजारी बसून स्वतःच पेपर वाचू लागले. पूर्णविरामाला आपण जेवढा श्वास घेतो, तेवढा वेळ मोजून त्यांनी फंक्शनात घातला. दुसऱ्या दुपारी आवाज वाचू लागला, थांबला, पुन्हा वाचू लागला. "हां," अक्का म्हणाली, "आता मानूस वाटायलंय."

यंदा दाजींना दम्याने गाठलं. चार शब्दांत धाप लागते, वाक्य तुटतं. परवा दुपारी गेलो तर ते अक्काशेजारी पडून होते, आणि आवाज पेपर वाचत होता. मी तब्येतीचं विचारायला तोंड उघडलं, तोच एक पूर्णविराम आला आणि आवाज थांबला. अक्काने माझा हात दाबला.

"ऐक," ती हळूच म्हणाली, "ह्यो ह्यांचा दम हाय. बरे व्हते तवाचा."

आवाज पुढची बातमी वाचू लागला.