जाळीतून मारलेली हाक

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जातो. पटतच न्हाई. शाळाबी दुसरीपर्यंतच, तवा चुकलंमाकलं समजून घ्या. पण माझी बायको रुक्मिण मागल्या महिन्यात गेली. आता हे बोलायचं कोणापाशी... म्हणून लिहितो.

निजामशाही संपायच्या आदल्या सालची गोष्ट. जाफराबादला पेठेच्या रस्त्याखाली जुनं दगडी तळघर, कमानींचं. सरकारनं त्याच्या तोंडाला लोखंडी जाळी ठोकून उर्दू पाटी लावल्ती, चौकीदार बसवल्ता. जाळीपाशी वरडलं की आवाज जशाचा तसा माघारी यायचा — गाढव वरडलं तरी. आमची चंद्रा, चार वर्षांची, तिथं "आई!" म्हणून वरडायची अन् खिदळायची.

चंद्रा गोवरानं गेली.

मंग रुक्मिण रोज दुपारी जाळीपाशी बसू लागली. "चंद्रे" म्हणून हाक मारायची. मला "चंद्रे"च माघारी ऐकू यायचं. ती म्हणायची, "आई म्हणली की! बहिरे झाले का?" तिचं जेवण सुटलं, अंगावर नुसती हाडं राहिली. चौकीदार मला म्हणला, "तुमारी औरत पत्थर से बातां करती जी. साब आया तो मेरी नौकरी जाती."

एका दुपारी माझं डोकं फिरलं. तिचा दंड धरला अन् जाळीला तोंड लावून वरडलो, "चंद्रे, जा बाई! सोड तुझ्या आईला!"

काहीच माघारी आलं न्हाई. बिलकुल न्हाई.

चौकीदाराच्या हातची बिडी पडली. "आवाज किधर गया?" म्हणून तो खोकला. खोकला बराबर माघारी आला.

रुक्मिण म्हणली, "गेली. तुम्ही जा म्हणले, गेली ती."

मी लगेच वरडलो, "चंद्रे, ये! माघारी ये!" आला तो माझाच आवाज. आठ दिवस वरडत होतो...

रुक्मिणला पुन्हा कधी काही ऐकू आलं न्हाई. जेवू लागली. पुढं दोन पोरं झाली. मला कधी बोल लावला न्हाई. मीच म्हणायचो, "लाव की एकदा." तर म्हणायची, "भाकर थंडी होऊन राह्यली, खा."

एका इंजिनियरला विचारलं. म्हणला, हवा बदलली आसंल. आसंल बाबा. पण मंग खोकला कसा आला?

जायच्या आदल्या दिवशी रुक्मिणनं एवढंच विचारलं, "तुम्ही तिला जा म्हणले... कुठं जा, ते सांगितलं का?"

न्हाई सांगितलं. मला कुठं ठाऊक होतं. अजूनबी न्हाई.