लुओ दाफूचा बाओ

शी! लुओ दाफूच्या टेबलाजवळून जाताना अजूनही नाक दाबते मी. शेंझेनच्या या बाजारात आमची दुकानं शेजारी शेजारी. मी केबली विकते, तो पॉवर बँका. कसल्या पॉवर बँका, मढ्याला नवे कपडे! भंगारातल्या लॅपटॉपमधले मेलेले, फुगलेले सेल आणायचे, सुईनं टोचून हवा काढायची, फळीखाली दाबून सपाट करायचे आणि चकचकीत डबीत भरायचे. टोचलं की कुजक्या फळाचा गोडसर वास सुटतो. त्याच हातांनी हा माणूस नूडल्स खातो.

"लुओदादा, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा," मी म्हणायचे.

"अगं ताई, लोकांना स्वस्त हवं, मी स्वस्त देतो. घरच्यांना मात्र अस्सल हं!" म्हणायचा आणि दात काढायचा.

आमच्याकडे पॉवर बँकेला 'बाओ' म्हणतात, म्हणजे खजिना. सारण भरून वाफवलेला गोळाही बाओच, म्हणून बाजारात फुगलेल्या सेललाही थट्टेनं तेच नाव पडलंय.

लुओची मुलगी यीटिंग पहिल्यावहिल्या नोकरीवर रुजू व्हायला निघाली, दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून. निघताना घरून बायकोचा, गुईलानचा, फोन आला.

"अहो, पोरीचा फोन बंद पडायला आलाय आणि तिकीट त्यातच आहे. काय देऊ?"

"टेबलावरचा बाओ दे की!" हा माझ्यासमोर ओरडला. त्याच्या मनात अस्सल होता. पण घरच्या टेबलावर होते दोन, हे गुईलाननं मला नंतर सांगितलं. आदल्या दिवशी घरी नेऊन भरलेल्या डबीला थोपटत हा मेला 'माझा बाओ, माझा बाओ' करत बसला होता. गुईलान बिचारी भोळी. तिला वाटलं, हाच खजिना.

बसमध्ये तो यीटिंगच्या हातातच पेटला.

गुईलानबरोबर मी इस्पितळात गेले. पोरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. मागून लुओ धापा टाकत आला. वाटलं, आता हा हंबरडा फोडणार.

तो वाकला आणि कुजबुजला, "डबी कुणी नेली? कुठून आणली ते सांगितलंस का पोलिसांना?"

"नाही बाबा. रस्त्यावर विकत घेतली, असं म्हणाले मी."

"शहाणी गं माझी पोर!" लुओ खुर्चीत टेकला, घाम पुसला. "वाचलो बुवा!"

माझ्या तोंडात थुंकी जमली. पोरीच्या हातांकडे त्यानं तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं.