दुर्गाबाईचे वाल

जुईगावच्या दुर्गाबाईला जगात एकच माणूस धड वाटे, ती स्वतः. नव्या कॉलनीतल्या बायका मोड आलेली मटकी विकत घेतात हे ऐकून ती थुंकली होती. "हातानी मोड काढता येत नाय, त्या बायका कसल्या?" असल्या फुशारक्यांना अक्कल लागत नाही, जीभ लागते, आणि ती देवाने तिला हातभर दिली होती.

घरात आलेल्या प्रत्येक सुनेला ती वाल भिजवून फडक्यात बांधायला लावी. मोड आले तर कूस उजवणार, नाही आले तर बाई वांझ. हे शास्त्र तिचं तिनेच काढलेलं. धाकट्या काशीला मूल होईना, तेव्हा तिने फर्मावलं, की सासू-सुनेच्या पुरचुंड्या चारचौघांत उघडायच्या. काशीचे वाल हरले की सदूसाठी दुसरी मुलगी बघायची. सदू, म्हणजे काशीचा नवरा, आईपुढे ब्र काढत नव्हता. असला नवरा असून नसून सारखाच.

शेतं सरकारने घेतल्यापासून बांधावरचे वाल संपले होते. हे दुकानातले, कुठल्या काळचे कोण जाणे. त्या दिवशी पहाटे दुर्गाबाईने चोरून आपली पुरचुंडी सोडली. मोडाचा पत्ता नव्हता. तिने नवऱ्याला, शिवरामला, वाशीच्या बाजारात पिटाळलं. "मोड आलेले वाल आन, मुकाट्यानं." त्या बापड्याने जन्मभर दुसरं केलं तरी काय होतं? तो परतला तेव्हा पाहुणे दारात होते. त्याने जुने वाल परसात फेकले, नवे फडक्यात बांधले.

आधी काशीची पुरचुंडी उघडली. एकाही दाण्याला मोड नव्हता. काशीला रडू आवरेना. दुर्गाबाई सदूसाठी दुसरं स्थळ घेऊन आलेल्या आपल्या भावाकडे, गोटीरामकडे, बघून हसली आणि ऐटीत स्वतःचं फडकं सोडलं.

आत वाल होते, लांब मोडांचे आणि स्वच्छ सोललेले. बायकोचा त्रास वाचावा म्हणून शिवरामने मुद्दाम सोललेलेच घेतले होते.

दुर्गाबाईची थोरली जाऊ बायजाबाई हिने एक दाणा उचलून निरखला. "दुर्गे, मोड फडक्यात येतात. साली पन आपल्या आपन निघतात काय?"

दुर्गाबाई घाईघाईने फडकं पुन्हा बांधू लागली.

"म्हंजे तुझ्या वालांना मोड आलंच नाय. आनि तुला तर तीन पोरं हायत."

गोटीरामने चहाही न घेता चपला घातल्या. दुसऱ्या मुलीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.