पोत्यातला चिमटा

अकोटचे चंद्रभान वानखडे म्हणजे सख्ख्या भावानं दिलेला चहाही आधी हुंगून पिणारा माणूस. आपल्या वेल्डिंगच्या दुकानात त्यांनी कापसाची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, मुळासकट उपटणारा चिमटा घडवला. गिऱ्हाईक दिसलं की चिमट्यावर पोतं टाकायचे. लेकीनं, आरतीनं, पेटंटचा हट्टच धरला, तेव्हा चिमटा पोत्यात घालून, तोंड सुतळीनं शिवून ते अमरावतीला रागिणी वकीलबाईंकडे गेले.

बाईंनी आधी करारनामा पुढे केला. तुमचं गुपित मी कुणालाही सांगणार नाही, असा. बाजारात बैलाचे दात पाहावेत तशी चंद्रभानांनी एकेक ओळ तपासली. शेवटच्या पानावर बोट अडलं. तिथे लिहिलं होतं, ‘संत्र्याचा देठ कापणारी दुहेरी पात्याची कात्री.’

“हे काय व्हय? मी तं पऱ्हाटीचं आनलं.”

बाई ओशाळल्या. “अहो, हा नमुन्याचा मसुदा असतो. त्यात फक्त नाव आणि वस्तू बदलायची. मागच्या पक्षकाराची ओळ चुकून राहिली.”

त्यांनी ती ओळ काढून नवा कागद छापला. “आता दाखवा तुमचा चिमटा.”

चंद्रभानांनी पोतं मांडीवर ओढून घेतलं.

“बाई, त्या संत्रावाल्याची कात्री कशी हाये, हे मले इथं बसल्या बसल्या समजलं. तेबी गुपित ठेवाच्या कागदातून. आता माह्या मांगून या खुर्चीवर कोन बसनार हाये, ते सांगा पयले.”