मोजून साठ

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका मोजत होते. चाळीसचा गठ्ठा एकोणचाळीसच भरत होता आणि मी तो तिसऱ्यांदा मोजायला घेतला होता. फोन अर्चनाचा, त्यांच्या सुनेचा. "मॅडम, आई गेल्या. सकाळी सहाला," एवढंच ती म्हणाली. मी "येते" म्हणाले आणि गठ्ठा तसाच टाकून मखमलाबादला त्यांच्या मळ्यावर निघाले. हरवलेली उत्तरपत्रिका नंतर कॉलेजातच माझ्या खणात सापडली. वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं की माणसाला मोजायची सवय लागते, आणि एक कमी-जास्त झालं की झोप उडते. माझी ही सवय मंदाताईंना ठाऊक होती. किती ठाऊक होती ते मात्र मला त्या गेल्यावर कळलं.

मंदाताई काकड भाजीवाल्या. मळ्यात कोथिंबीर, मेथी, पालक, पुदिना. सकाळी पंचवटीच्या बाजारात गोणपाटावर बैठक. वय पंचावन्नच्या आसपास, शिक्षण दहावीपर्यंत, आणि आमच्या अख्ख्या गटात त्यांच्याइतका चांगला पत्ते खेळणारा दुसरा कुणी नव्हता. पत्ते म्हणजे रमी नव्हे, तीनपत्ती तर नव्हेच. या खेळाची बंद पाकिटं मिळतात, एकेकात दहा पानं, आणि कुठली ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही. पानांवर राक्षस, योद्धे, वादळं, मंत्र. ज्याची त्याची ताकद खाली बारीक इंग्रजीत छापलेली. अशा शेकडो पानांतून आपली साठ निवडायची आणि समोरच्याच्या साठांशी लढायचं. साठ म्हणजे साठ, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या साठांना सगळे डेक म्हणतात. मंदाताई जुडी म्हणायच्या, आणि डेक तयार करण्याला जुडी बांधणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. आता मला दुसरा शब्द सुचत नाही.

गंगापूर रोडवरच्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर आम्ही दहा-पंधराजण रविवारी जमतो. माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली, तिची पानं घरी राहिली, आणि ती आवरता आवरता मला हा नाद लागला. नादही साधा नाही. हरले की मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही, असं माझा नवरा सांगतो आणि ते खरं आहे. मंदाताई खालच्या कॅफेला पुदिना द्यायला यायच्या. एका रविवारी रिकामं क्रेट कमरेवर घेऊन त्या वर आल्या आणि माझ्याच टेबलाशी उभ्या राहिल्या. "हा कोनता डाव हाय, मॅडम?" मी पाच मिनिटांत उरकून सांगितलं, त्या जाव्यात म्हणून. त्यांनी सगळं ऐकलं आणि टेबलाच्या कडेला मी सारलेल्या पानांकडे बोट केलं. "अन् ही?" ती काही कामाची नाहीत, मी म्हणाले. "मग नेऊ का?" आमच्यातले सगळेच असं करतात. पाकीट फोडायचं, एखादं भारी पान निघालं तर उचलायचं, बाकीची नऊ तिथंच टाकायची. मंदाताईंनी त्या दिवशी सगळ्या टेबलांवरची टाकलेली पानं मागून घेतली, क्रेटमध्ये वर्तमानपत्र अंथरून त्यावर नीट ठेवली आणि नेली. पुढच्या रविवारी त्या टाकाऊ पानांनी त्यांनी मला हरवलं.

हे कसं जमलं ते मला पुष्कळ दिवस उमगत नव्हतं. एकदा सकाळी मुद्दाम पंचवटीत गेले तेव्हा थोडं उमगलं. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. हाताकडे न बघता मूठभर काड्या घ्यायच्या, मुळं एका रेषेत ठोकायची, पिवळं पान दिसलं की काढायचं, केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीचं सोपट फिरवायचं, पीळ द्यायचा आणि टोक आत खोचायचं. गाठ मारायची नाही. "घरी बाईचे हात ओले असत्यात, गाठ सुटत नाय," त्या म्हणाल्या. वर चांगलं दाखवून आत पिवळं दडपणारे पुष्कळ असतात; मंदाताईंच्या जुडीत कुठूनही काडी काढा, सारखीच निघायची. पत्त्यांचंही तेच. आम्ही लोक दोन-चार भारी पानांवर भिस्त ठेवतो, बाकी भरती. ती भारी पानं हाती आली नाहीत की आमचा डाव बसलाच. मंदाताईंच्या साठात एकही पान नुसतं जागा अडवायला नसायचं. एखादं नवं पान आत घ्यायचं तर त्या आठवडाभर त्याच्याकडे बघायच्या, कुठलं बाहेर काढायचं ते ठरेना म्हणून. काढलेलं पानही टाकायच्या नाहीत, वेगळ्या डब्यात ठेवायच्या.

इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता यायचं, पण वेळ लागायचा. म्हणून नवीन पान आलं की माझ्यासमोर ठेवायच्या. "एकदा वाचून सांगा. दुसऱ्यांदा इचारनार नाय." आणि खरंच कधी विचारलं नाही. पानांची छापील नावं त्यांनी कधी घेतली नाहीत, स्वतःची ठेवली. बारीक बारीक कीटकांसारखे सैनिक एकदम झुंडीनं येतात ते पान म्हणजे मावा, भाजीवर पडणाऱ्या किडीसारखं. समोरच्याचं बळ हळूहळू खाणारा हिरवट मंत्र म्हणजे करपा, पिकाची पानं जाळणाऱ्या रोगासारखा. सोन्याची शिंगं असलेला एक राक्षस आमच्यात फार मानाचा, तो मिळावा म्हणून लोक पाकिटांवर पाकिटं फोडतात. त्याला त्या नवरदेव म्हणायच्या. "नुसता बसून राहतो, मानपान लागतो, काम करायला येळ लागतो," असं म्हणून त्यांनी तो एका कॉलेजच्या मुलीला देऊन टाकला, बदल्यात चार मावे घेतले. ती मुलगी खुश, या त्याहून खुश. पुढच्या महिन्यात मावा तिच्या नवरदेवाला खाऊन गेला, हे वेगळं सांगायला नको. आता आमच्या टेबलांवर सगळेच मावा आणि करपा म्हणतात, इंजिनिअर मुलंसुद्धा.

पाकीट फोडायची त्यांची एक पद्धत होती. आम्ही दातांनी, नखांनी, कसंही फाडतो आणि थेट शेवटचं पान बघतो, कारण भारी पान तिथं असतं. त्या आधी पदराला हात पुसायच्या. मग वरची कड सरळ फाडून दहाही पानं पालथी ठेवायच्या आणि एकेक उलटायच्या. साधं पान असलं तरी ते पूर्ण बघून झाल्याशिवाय पुढचं उलटायच्या नाहीत. आमचा जीव वर-खाली व्हायचा. "बघा की शेवटचं, ताई," असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "ते कुठं पळून जातंय? आधी हे तर बोलू द्या." मी वर्गात वीस वर्षं पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांकडे बघून शिकवत आले आहे. हे बघताना मला अनेकदा ओशाळल्यासारखं झालं.

आता मी जे लिहिणार आहे ते चार वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. त्या आमच्यात आल्या त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही स्पर्धा ठेवली. आमच्या जागेची व्यवस्था बघणारा रोहन पंच होता. तिसऱ्या फेरीत माझी गाठ मंदाताईंशी पडली आणि पहिला डाव मी हरले. ज्या बाईला मी पानांवरचे शब्द वाचून दाखवते तिनं मला सगळ्यांसमोर हरवलं, हे माझ्या डोक्यात गेलं. मधल्या चहाच्या वेळी त्यांची पानं टेबलावर होती. मला तो गठ्ठा जरा जाड वाटला. मी रोहनजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "त्यांची पानं एकदा मोजून घे." त्यानं मोजली. त्रेसष्ट भरली.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या अजिबात गांगरल्या नाहीत, उलट त्यांनाच नवल वाटलं. "त्रेसष्टच असनार. शेकड्याला पाच वर, म्हंजे साठाला तीन." आमच्या कुणाच्या डोक्यात उजेड पडेना. मग त्यांनी समजावून सांगितलं: बाजारात शंभर जुड्या मागितल्या तर एकशे पाच द्यायच्या. मोजून शंभर देणं म्हणजे हात आखडणं, समोरच्याचा अपमान. "मोजून साठ कसं आनायचं? लोक काय म्हनतील?" काहीजण हसले. रोहनला वाईट वाटलं, पण नियम होता. त्यानं तीन पानं बाजूला काढायला लावली आणि फेरी मला दिली. काढलेली तिन्ही पानं मावा होती. ती त्यांच्या पुढ्यात तशीच पडलेली मला आजही दिसतात. पुढच्या फेरीत मी दहा मिनिटांत हरले. मंदाताई शेवटपर्यंत बसून सगळ्यांचे डाव बघत होत्या, आणि निघताना त्यांनी माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी घातली. मी घेतली. घरी येऊन वड्या केल्या. वड्या छान झाल्या होत्या, आणि मला एकही गिळवली नाही.

त्यानंतर त्यांनी कधीही साठाच्या वर एक पान आणलं नाही. स्वतःच पंचासमोर ठेवून म्हणायच्या, "घ्या, मोजून." लोकांना तो विनोद वाटायचा. मी दर वेळी खाली बघून माझी पानं पिसायला घ्यायचे. माझी-त्यांची पुढे चांगली मैत्री झाली. त्या माझ्या घरी यायच्या, मी मळ्यात जायचे, माझी मुलगी आली की आधी त्यांच्याशी खेळायला बसायची. पण मोजायला कुणी सांगितलं, हे त्यांना माहीत होतं की नाही ते मला कधी कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. एकदा बाजारात धीर करून सुरुवात केली होती, "ताई, त्या दिवशी ती पानं मोजली ना..." त्यांनी माझ्या हातात मेथीची जुडी दिली. "ही न्या, आज लय कवळी हाय," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. भित्र्या माणसाला निमित्त पुरतं.

गेल्या वर्षी त्यांच्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिस सुरू झालं. बाजार सुटला, मळा अर्चना बघू लागली. रविवार मात्र त्यांनी जमेल तितके दिवस सोडला नाही. हाताला पट्टी असायची तरी पाकीट फोडताना आधी पदराला हात पुसायच्या. शेवटी शेवटी त्या खेळायच्या नाहीत, नव्या मुलांच्या जुड्या बघून द्यायच्या. एकेकाची साठ पानं समोर पसरून शांतपणे विचारायच्या, "हे काय करतंय इथं?" त्या मुलाला उत्तर देता आलं तर पान राहायचं. मी आजवर पाहिलेल्या शिक्षकांत एवढा चांगला प्रश्न फार थोड्यांना विचारता येतो.

त्या जाण्याआधी पंधरा दिवस मी मखमलाबादला गेले होते. खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. आवाज बारीक झाला होता. त्यांनी अर्चनाला खूण केली, तिनं कपाटातून त्यांचा प्लॅस्टिकचा डबा आणून दिला. "ही जुडी तुम्ही न्या," त्या म्हणाल्या. मी नको म्हणाले, तुम्ही बऱ्या व्हाल, आपण खेळू, आजारी माणसापुढे बोलतो तसलं काहीबाही बोलले. त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. "घरी गेल्यावर मोजून घ्या बरं का, मॅडम. तुम्हाला सवय हाय." आणि हसल्या. मीही हसले. माझ्या उत्तरपत्रिकांबद्दल बोलत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

डबा मी उघडला नाही. त्या होत्या तोवर उघडवला नाही, आणि गेल्यावर तर कपाटात मागे ढकलून ठेवला. परवा मुलगी आली होती, तिनं तो काढून टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. आत पानांभोवती केळीचं वाळकं सोपट होतं, पीळ देऊन टोक आत खोचलेलं. हात पुसले. सोपट सोडलं आणि मोजायला लागले. त्रेसष्ट. पुन्हा मोजली. त्रेसष्ट. सगळ्यात वर तीन मावे होते.

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालतानासुद्धा. मी टेबलाशी बसून रडले, आणि ते दुःखाइतकंच लाजेचं रडू होतं. थोड्या वेळानं अर्चनाला फोन केला आणि विचारलं, डबा कुणी भरला होता. "आईनंच," ती म्हणाली. "दोन दिवस लावत बसल्या होत्या. मी म्हटलं, आई, तीन जास्त झालेत, तुमच्या रविवारच्या क्लबात चालत नाहीत ना. तर म्हणाल्या, क्लबाचं ऱ्हाऊ दे. मॅडमला का मोजून द्यायचं?"

या रविवारी मी ती जुडी घेऊन गेले आणि रोहनसमोर ठेवली. म्हणाले, "मोजून घे. त्रेसष्ट आहेत. आणि त्या दिवाळीत तुला मोजायला मी सांगितलं होतं, ते सगळ्यांना माहीत असू दे." मुलं टेबलाभोवती जमली. रोहननं एकेक पान सावकाश मोजलं, जसं काही आकडा त्याला ठाऊकच नव्हता. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तीन काढा, नाहीतर नियमानं तुम्ही हरलात." मी म्हणाले, "हरले." पानं एका रेषेत ठोकली, सोपट फिरवलं, पीळ दिला आणि टोक आत खोचलं. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा बसलं. घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय झालं, आणि मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगत बसले.