शिवणवाल्या बाईंची पायरी

पोस्टमन अंगाने इतका काटकुळा की सगळे त्याला ‘तार’ म्हणत. हा तार गेली दोन वर्षं रोज एकाच पायरीवर टेकायचा. पोस्टातून निघून दोन वळणं घेतली की शिवणवाल्या बाईंचं घर. तिथवर येईतो मांड्या आणि पोटऱ्या आवळून यायच्या, पाऊल उचलेना. मग तो बसे, पाकिटं उगाच वरखाली करी, सिगारेट ओढी. पाच मिनिटांत पाय पुन्हा शहाण्यासारखे चालू लागत.

लोकांना पायरी दिसली, आतली बाई एकटी आहे हेही दिसलं. बातमी टपालाआधी घरी पोचली.

घरात आधीच अबोला होता. दीड वर्षात त्याचं शरीर बायकोजवळ एकदाही जागं झालं नव्हतं. घोरण्याचं निमित्त सांगून त्याने अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं. तिने दोन्हींची बेरीज केली, बॅग भरून कपाटावर ठेवली. भांडली नाही. वाढताना एवढंच म्हणाली, “पायरी पुसून देतात का हो, की तशीच?”

तो जेवत राहिला.

पाय दाखवायला तो डॉक्टरीणबाईंकडे गेला, तेव्हा तीही आली. काय थाप मारतो ते ऐकायला. डॉक्टरीणबाईंनी घोट्याशी, गुडघ्यामागे, जांघेत नाडी चाचपली. मग सरळ विचारलं, “ताठरता येते का?”

“नाही,” तो भिंतीकडे बघून म्हणाला.

“पोटातून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसतेय. तपासून खात्री करू. पायांना आणि इंद्रियाला रक्त त्याच वाटेने जातं. बसलं की पायांना पुरतं, चाललं की कमी पडतं. म्हणून ठरावीक अंतरावर दुखतं. सिगारेट आजपासून बंद. हृदयही बघायला हवं.”

बायकोने एकच विचारलं, “दुसऱ्या रस्त्याने गेले तरी?”

“तरी साधारण तेवढंच अंतर.”

रविवारी तिने त्याला पोस्टापासून उलट्या दिशेला चालवलं. शाळेची भिंत संपली, घड्याळाचं बंद दुकान आलं आणि पाय आवळले. तो खांबाला धरून उभा राहिला. सुटल्यासारखं वाटलं नाही, लाजही वाटली नाही. पोटऱ्या दुखत होत्या, एवढंच.

तिने खाली ओढलेल्या शटरकडे पाहिलं. “आणि इथली कोण?”

ती पाच मिनिटं शेजारी उभी राहिली.

घरी येऊन तिने बॅग खाली काढली, कपडे एकेक करून कपाटात लावले. मग हात पुढे केला. त्याने सिगारेटचं पाकीट दिलं. रिकाम्या बॅगेत ते टाकून तिने चेन ओढली आणि बॅग पुन्हा कपाटावर ठेवली.