अर्धं लाटणं आणि अबू सैफची रायफल

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्लबच्या रिसेप्शनवर एका मेंबरचं कार्ड रिन्यू करत होते. बाबा म्हणजे माझे सासरे. सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार, काम आर्मररचं, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करायचं. साताऱ्याजवळच्या गावी सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले आणि बसलेलेच राहिले... आदल्या दिवशीच व्हिडिओ कॉलवर मला झापलं होतं, कुकरची शिट्टी नीट बसत नाही तरी तसाच वापरतेस म्हणून. आता सहा आठवडे झाले, पण बाबांबद्दल रडका लेख लिहायला बसले तर पेन पुढं सरकत नाही. हसूच येतं. मग म्हटलं, हसूच लिहू.

गेल्या वर्षी ते तीन महिने आमच्याकडं दुबईत होते. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळी कुलुपं, मिक्सर आणि शेजारच्या केरळी बाईंचं शिलाई मशीन दुरुस्त केलं. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा नीट चालणारा पंखा उघडून बसले. मी वैतागून म्हटलं, "बाबा, उद्या माझ्याबरोबर क्लबला चला." मी नेमबाजीच्या क्लबात नोकरी करते, तिथं तरी बघायला काहीतरी मिळेल, एवढाच माझा हिशेब.

तिथं अबू सैफ भेटले. सत्तरी ओलांडलेले, शांत, अस्सल जुन्या वळणाचे अरब गृहस्थ. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखं त्यांचं मुंबईछाप हिंदी माझ्यापेक्षा सराईत. त्यांच्या वडिलांची जुनी लष्करी थ्री-नॉट-थ्री रायफल रुसली होती. काडतूस आत जाताना अडायचं, बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याला, तळव्यानं धपका घालावा लागायचा. गोळी सुटली की रिकामी पुंगळी आत चिकटून बसायची आणि तिला ओढणारा आकडा सटकून हात हलवत परत यायचा. क्लबच्या तंत्रज्ञांनी यादी दिली होती : आकडा नवा, स्प्रिंग नवी, मॅगझिन नवं. अबू सैफ म्हणाले, "सब नया डालेगा तो मेरा बाप किधर बचेगा?" रेंज ऑफिसरनं मात्र निक्षून सांगितलं होतं, गुरुवारच्या तपासणीत सलग दहा गोळ्या विनातक्रार सुटल्या नाहीत, तर नळी कायमची बुजवायची आणि रायफल भिंतीवर टांगायची. खलास. हे सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सोमवार होता.

बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "अगं वृषाली, इचार की त्यांना, मी बघू का म्हणून." व्हिजिट व्हिसावरचा सासरा आणि बंदूक! पण अबू सैफनी शब्द टाकला, रेंज ऑफिसर स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसला आणि बाबांना आर्मरीत टेबल मिळालं.

त्यांनी एकही अवजार हातात घेतलं नाही. डमी काडतुसं मॅगझिनमध्ये भरली, काढली, पुन्हा भरली. आतली पट्टी बोटानं दाबून सोडली. ती सुट्टीच्या दिवशी उठणाऱ्या माणसासारखी सावकाश वर आली. "स्प्रिंग बदलून काय हुईल? जास्त जोरात ढकलील. पण ही अडकतीय कशाला, ते कुणी बघितलं का?" मग काठीला चिंधी गुंडाळून, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये फिरवली. काळपट तपकिरी, चिकट. त्यांनी ती नाकाशी नेली आणि एवढ्या मोठ्यानं हसले की रेंज ऑफिसर दचकला.

"पोरी, हिला धूप दाखवलाय गं!"

आणि मराठीत मला सांगत सुटले. पलटणीत खंडेनवमीला शस्त्रपूजा. जवान रायफलीला हळदकुंकू लावणार, वर नारळाचं पाणी शिंपडणार. एका भक्तानं तर बोल्टला पेढा भरवला होता. दसरा उलटला की दुसऱ्या दिवशी बाबांच्या टेबलापुढं रांग, आणि सगळ्यांची तक्रार हीच : आत जात नाही, बाहेर येत नाही.

बाबा हे आता हिंदीत सांगणार, तेवढ्यात अबू सैफ अभिमानानं म्हणाले, "ही माझ्या बायकोनं जपलीय. तीस वर्षं दर शुक्रवारी स्वतःच्या हातानं बखूरचा, सुगंधी लाकडाचा धूर देते, ऊदचं तेल लावते. घरातल्या माणसासारखं."

बाबांनी चिंधी घडी घालून खिशात टाकली. माझ्याकडं बघितलं. मग गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "साहब, समंदर की हवा। नमी।"

दोन दिवस ते चिंध्या आणि स्पिरिट घेऊन बसले. मॅगझिन सुटं करून धुतलं, स्प्रिंगचं एकेक वेटोळं पुसलं. एकही भाग बदलला नाही. घरी आले की आमची इरा नाक मुरडायची, "आजोबा, यू स्मेल लाइक अ टेंपल अँड अ गॅरेज!" ते खूश व्हायचे.

गुरुवारी अबू सैफ नेम धरून बसले. पहिली पुंगळी टुणकन उडाली तशी मी बोटांवर मोजायला लागले. सात, आठ, नऊ... दहावी थेट रेंज ऑफिसरच्या बुटावर पडली. त्यानंच आधी टाळ्या वाजवल्या! अबू सैफनी इथल्या रिवाजाप्रमाणं बाबांच्या नाकाला नाक लावलं आणि आमचे करडे हवालदार नव्या नवरीसारखे लाजले.

पण बाबांचा जीव वर-खाली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पुन्हा बखूर, पुन्हा चिकटा. खरं सांगावं तर त्या माउलीच्या तीस वर्षांच्या मायेवर बोट ठेवायचं, न सांगावं तर रायफल पुन्हा भिंतीच्या वाटेवर. सकाळी उठून बघते तर माझं शिसवी लाटणं अर्धं कापलेलं! बाबा खाली मान घालून अर्ध्या तुकड्याला पॉलिश पेपर मारत होते. चेंबरमध्ये गच्च बसेल अशी त्याची खुंटी केली, वर लोकरीचं कापड लावलं. रायफलीच्या दुसऱ्या टोकाला, नळीच्या तोंडावर बसवायला, लाकडाचीच टोपी. मग आम्ही अबू सैफच्या घरी गेलो आणि बाबांनी त्यांच्या बायकोला, उम्म सैफना, धडधडीत थाप मारली, "भाभीजी, हमारे यहाँ पूजा में बोल्ट निकाल के रखते हैं। पहले ये लगाते हैं, फिर सिर्फ लकड़ी को धूप। पुराना रिवाज है।" असला रिवाज साताऱ्यात काय, अख्ख्या भारतात नाही. उम्म सैफनी खुंटी दोन्ही हातांत घेतली, डोळ्यांना लावली आणि मान डोलावली. परतताना गाडीत मी म्हटलं, "बाबा, शोभतं का हे?" तर म्हणे, "रायफलीत गोळी अडकली तर काढता येती. माणसाच्या मनात अडकली तर कुठनं काढू?"

गावाहून दिवसकार्य उरकून परतले आणि गेल्या शुक्रवारी उम्म सैफनी मला बोलावून घेतलं. गहवा, म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आले. मग त्या म्हणाल्या, "तेरा ससुर झूठ बोलने में बहुत कच्चा था। कान लाल हो जाते थे।"

त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. धूर अडवायची खुंटी घेऊन कुणी आलं, तर धूर कुठं नडला एवढं समजायला काय लागतं? मग बाबांना तसं बोलला का नाहीत, मी विचारलं.

"इतनी मेहनत से बनाया था," त्या हसत म्हणाल्या. "लकड़ी भी, झूठ भी। मैं कैसे तोड़ती?"

गावाकडं तेरा दिवस मी पाहुण्यांच्या चहापाण्यात होते, डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिथं मात्र हसता हसता हुंदकाच फुटला. उम्म सैफनी मला रडू दिलं. मग बोल्ट काढून बाजूला ठेवला, खुंटी दाबून बसवली आणि धुमसतं धूपपात्र माझ्या हातात दिलं, "आज तू." त्यांच्या सासऱ्यांची रायफल, माझ्या सासऱ्यांचं लाकूड. मी दोघांनाही सावकाश धूप दाखवला.